पन्नास, तीस, वीस आणि वर्गणी

अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन नावाच्या एक बाई आहेत. आज त्या सिनेटर आहेत, त्याआधी कायद्याच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरेन त्यागी हिने मिळून २००५ साली एक पुस्तक लिहिलं आणि घरखर्चाचा एक सोपा नियम जगाला देऊन टाकला. हातात येणाऱ्या पगारातले पन्नास टक्के गरजांना, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के शिल्लक. नियम इतका सुटसुटीत की मोबाइलवरच्या खर्चाच्या ॲपांनी तो उचलला, आणि ॲपातून तो थेट साताऱ्याला, आमच्या पुतण्याच्या डोक्यात येऊन बसला.

बाईंचा अभ्यास दांडगा. दिवाळं निघालेल्या अमेरिकन कुटुंबांचे कागद त्यांनी वर्षानुवर्षं तपासलेले. फक्त त्यांनी सातारा-सांगली बघितली नव्हती. बघितली असती तर पहिल्याच प्रश्नाला त्यांनी पेन खाली ठेवला असता: गावच्या जत्रेची वर्गणी ही गरज की हौस?

हौस म्हणावं तर वर्गणी मागायला पोरं दारात आली की घरातला कर्ता पुरुष मागच्या दाराने रानात जातो. गरज म्हणावं तर ती न दिल्याने कुणी उपाशी मेल्याचं ऐकिवात नाही. शिल्लक तर ती नाहीच, कारण तिच्यातलं काही शिल्लक राहिलं तर पुढच्या वर्षी हिशेबावरून भांडणं होतात. आणि तरीही ती द्यावी लागते. देणगीदारांचा फ्लेक्स चौकात लागतो, आणि त्यावर कुणाचं नाव आहे यापेक्षा कुणाचं नाही, हे वाचण्यात गावाला जास्त रस असतो.

पुतण्या बर्लिनच्या एका कंपनीचं काम साताऱ्यातल्या घरात बसून करतो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला, तो परत गेलाच नाही. कंपनी तिकडं, पोट इकडं. कागदावर यासारखा फायदेशीर धंदा नाही. पगार युरोच्या देशातला आणि भाजी राजवाड्याच्या मंडईतली. घरभाडं शून्य, धुणीभांडी शून्य, जेवण आईच्या हातचं. पहिल्या महिन्यात ॲपने त्याचं अभिनंदन केलं. गरजांवरचा त्याचा खर्च इतका कमी होता की ॲपला शंका आली आणि त्याने विचारलं, तुम्ही काही नोंदी करायच्या विसरलात का?

विसरला नव्हता. नोंदी अजून यायच्या होत्या.

सातारा हे मुळात पेन्शनरांचं गाव. इथं दिवसभर घरी असणारा माणूस साठीच्या पुढचा असावा, अशी साधारण अपेक्षा असते. तिशीतला धट्टाकट्टा मुलगा सकाळी दहा वाजता फाटकात उभा राहून चहा पिताना दिसला की समोरच्या निवृत्त हेडमास्तरांना चैन पडत नाही.

"काय रे, रजा?"

"नाही सर, काम दुपारी सुरू होतं."

"कुठं?"

"बर्लिनला."

सरांनी त्याच्या अर्ध्या चड्डीकडं एकदा बघून घेतलं. "तिथं थंडी नसते होय?"

बर्लिनचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं असतं. त्यामुळं पुतण्याची सकाळ मोकळी असते, आणि मोकळा माणूस ही सातारकरांच्या मते सार्वजनिक मालमत्ता. पोवई नाक्याला जातोयस तर लाइटबिल भर, येताना आजीची औषधं आण, काकूला स्टँडवर सोड, मामांना स्टँडवरून आण. यातल्या कुणी त्याच्याकडं एक रुपया मागितला नाही. पेट्रोल मात्र गाडी मागत होती. ॲपमध्ये ‘प्रवास’ या रकान्यात खर्च फुगला तेव्हा ॲपने सल्ला दिला की ऑफिसला जाताना सहकाऱ्यांबरोबर एकाच गाडीतून जावं.

त्यात लग्नाचा विषय निघाला. "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "घरीच असतो" हे उत्तर खरं असलं तरी स्थळ पुढं सरकत नाही. शेवटी पुतण्याने गावात एक टेबल-खुर्ची महिन्याच्या भाड्याने घेतली. कामासाठी नव्हे. काम घरी जास्त चांगलं होतं, तिथं इंटरनेटच्या दोन लाइन आणि एक इन्व्हर्टर आहे. खुर्ची घेतली ती इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीला बॅग लावून घराबाहेर पडताना दिसावं म्हणून. हा खर्च गरजेत की हौसेत, यावर घरात बरीच चर्चा झाली. आई गरज म्हणाली, बाप हौस म्हणाला. पुतण्या म्हणाला, ही गुंतवणूक आहे.

मग सप्टेंबर उजाडला. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्याचा आनंद सगळ्या महाराष्ट्राला झाला आणि खर्च सातारकरांना. पठारावर फुलं यायला लागली की खाली पाहुणे यायला लागतात. पुण्यातले जुने सहकारी, त्यांच्या बायका, त्यांची मुलं, एका वर्षी तर बर्लिनचा साहेबच. त्यांना कास दाखवायचं, ठोसेघर दाखवायचं, सज्जनगड चढवायचा, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात कंदी पेढ्याचा अर्धा किलोचा पुडा ठेवायचा. पेढ्याचे पैसे पाहुण्याने द्यायचे म्हटलं तर घराण्याची अब्रू जाते, आणि आपण द्यायचे म्हटलं तर महिन्याची शिल्लक.

असं करत करत ॲपमधला ‘इतर’ हा रकाना वाढला. ॲपकडं भाडं, किराणा, जिम, बाहेरचं जेवण, सिनेमा, कुत्र्याचं खाणं असे सगळे रकाने होते. आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, चुलतभावाच्या बोअरवेलला लावलेला हातभार, बहिणीची दिवाळी, तालमीच्या गणपतीची पावती, यांना रकाना नव्हता. ते सगळं ‘इतर’ मध्ये. एक दिवस ॲपने लाल अक्षरांत कळवलं: तुमचा निम्म्याहून जास्त खर्च इतरांवर होत आहे. इतर कमी करा.

पुतण्याने हे घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आजी कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "इतर म्हंजे आम्हीच की रं."

सांगलीची गोष्ट वेगळी. पैशाचे सल्लागार सांगतात की सहा महिने पुरेल एवढी रक्कम संकटकाळासाठी बाजूला ठेवा. सांगलीकर संकट महिन्यांत मोजत नाही, फुटांत मोजतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली ते सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. घर भाड्याने घेताना बाकीच्या शहरांतली माणसं विचारतात, नळाला पाणी येतं का? सांगलीत आधी विचारतात, दारात पाणी येतं का? "कवाच न्हाई" असं घरमालक म्हणाला की पुढचा प्रश्न, "२००५ ला? २०१९ ला? २०२१ ला?" तिन्ही वर्षं पार पडली तर घर पास. त्या घराचं भाडं जास्त असतं. ते जास्तीचे पैसे म्हणजेच सांगलीकराचा संकटकाळचा निधी. फक्त तो बँकेत नसतो, घरमालकाकडं असतो.

आमची भाची इथलीच. तीही लॅपटॉपवरचंच काम करते, पण ती उलट गेली. जर्मनीत जाऊन राहिली. तिचा पहिला अर्थसंकल्प रुपयांत नव्हता, युरोतही नव्हता, तो किलोत होता. विमानाला एक मोठी बॅग, तेवीस किलो. शेजारच्या किराणा दुकानातला वजनकाटा सोप्यात आणून ठेवला होता आणि त्याभोवती आई, आत्या, मावशी आणि शेजारच्या काकू अशी अंदाज समिती बसली होती.

कांदा-लसणाची चटणी चार किलो. "चार?" भाची म्हणाली. "वर्साची हाय," आत्या म्हणाली, आणि विषय संपला. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली चटणी, तिच्यात कपात सुचवणं म्हणजे घरातल्या बाईच्या कर्तबगारीवर अविश्वासाचा ठराव आणणं. हळद एक किलो, कारण सांगलीची मुलगी परमुलखात दुकानातली हळद विकत घेते हे कळलं तर लोक काय म्हणतील. तासगावचे बेदाणे दोन किलो. शेंगदाण्याचा कूट, ज्वारीचं पीठ, मेतकूट. भडंगाचा प्रश्न निराळा. तो वजनात बसतो, पण बॅगेत बसत नाही. काटा सव्वीसवर गेला. आता काहीतरी काढायला हवं होतं. समितीने एकमताने भाचीचा थंडीचा कोट बाहेर काढला. "कापडं तिथं मिळत्यात, चटणी मिळती का?"

पेढ्यावर मात्र भाचीने नकाराधिकार वापरला. युरोपच्या बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ घेऊन यायला प्रवाशांना मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात, हे तिने समजावून सांगितलं. आत्याला पटलं नाही. "दूध कुठाय त्यात? आटलंय की सगळं."

जर्मनीत पोचल्यावर भाचीला गुणाकाराचा आजार जडला. परमुलखात गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला तो काही महिने होतोच. युरो शंभर रुपयांच्या आसपास आल्यापासून तर तो फार तीव्र झालाय. पूर्वी डॉलरला पंचेचाळीसने गुणायला थोडा वेळ लागायचा, तेवढ्यात माणूस दुकानातून बाहेर पडलेला असायचा. शंभरने गुणायला दोन शून्यं पुरतात, त्यामुळं दुःख ताबडतोब होतं. कोथिंबिरीच्या चार काड्या दीडशे रुपये. केस कापायचे तीन हजार. भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या नावाखाली नुसती भिंत आणि नळाची दोन तोंडं, ओटा-कपाटं भाडेकरूने आपापली आणायची. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मावशीला वाटलं, मुलगी फसली. घर म्हणून कुणीतरी गोठा भाड्याने दिला.

‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने १९८६ साली एक गंमत सुरू केली. कुठल्या देशात बर्गर कितीला मिळतो, यावरून त्या देशाच्या चलनाची ताकद मापायची. आमची आत्या हे साप्ताहिक वाचत नाही, पण तिने पहिल्याच फोनवर विचारलं, "दिसाच्या पगारात तितं भाकरी किती येत्याल?" भाचीने हिशेब केला आणि तिच्या लक्षात आलं की पगाराला शंभरने गुणायचं आणि खर्चालाही शंभरने गुणायचं, यात हाती उरतं ते जेवढ्यास तेवढंच. फक्त पगाराचा गुणाकार सांगलीतले नातेवाईक करतात आणि खर्चाचा ती एकटी करते.

तिथं तिला एक गोष्ट मनापासून आवडली. जर्मनीत पाण्याच्या, सरबताच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. २००३ पासून ही पद्धत आहे. पंचवीस सेंट म्हणजे पंचवीस रुपये. रद्दी, बाटल्या, पत्र्याचे डबे वर्षभर माळ्यावर साठवून दिवाळीच्या तोंडावर विकणाऱ्या घरातल्या मुलीला आणखी काय पाहिजे? ऑफिसात मेजवानी झाली की जर्मन सहकारी टेबलं आवरतात आणि भाची बाटल्या.

एक गोष्ट मात्र तिला पटेना. तिथं दर घरामागं महिन्याला १८ युरो ३६ सेंट सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी द्यावे लागतात. घरात टीव्ही असो वा नसो, बघत असा वा नसा. तिने तक्रारीच्या सुरात हे आत्याला सांगितलं. वाटलं होतं, आत्या जर्मन सरकारचा उद्धार करील. आत्या शांतपणे म्हणाली, "मग? आपन न्हाई गेलो तरी आहेर पाठवावा लागतोच की."

आहेराची वही हा खरं म्हणजे वॉरेनबाईंना दाखवायचा ऐवज. आत्याची वही लाल पुठ्ठ्याची, कडेला सुतळी ओवलेली, लोखंडी ट्रंकेत साडीच्या घडीखाली असते. डाव्या पानावर आलेलं, उजव्या पानावर केलेलं. गाव, घर, कार्य, आणि पुढं आकडा किंवा वस्तू: एकशे एक रुपये, पितळी तांब्या, टोप-पदर, नारळ-खण. काही ओळींवर आडवी रेघ, म्हणजे फिटलं. काही ओळी तीस वर्षं उघड्या आहेत, कारण त्या घरात अजून कार्यच निघालं नाही. दर लग्नाच्या मोसमाआधी आत्या चष्मा लावून वही उघडते आणि दर ठरवते. १९९५ साली आपल्याला एकशे एक आले होते, तर आज किती द्यायचे? रिझर्व्ह बँकेने महागाईचं लक्ष्य चार टक्के ठरवलंय, दोन टक्के खालीवर. त्या हिशेबाने तीस वर्षांत एकशे एकाचे सव्वातीनशे होतात. सव्वातीनशेचं पाकीट देऊन दाखवा म्हणावं. आहेराची महागाई निर्देशांकात धरलेली नाही, ती आत्याच्या डोक्यात असते, आणि आत्याचा आकडा असतो एक हजार एक.

पूर्वी परमुलखात असलेल्याला निदान अंतराचा आडोसा होता. पत्रिका पोचायची लग्न झाल्यावर, वर्गणीचं पत्र पोचायचं जत्रा झाल्यावर. तो आडोसा यूपीआयने काढून घेतला. आता मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी गणपतीचा फोटो येतो, त्याखाली ‘आपलाच’ म्हणून अध्यक्षाचं नाव, आणि त्याखाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. २०२३ साली अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिराती अशा दहा देशांतल्या मोबाइल नंबरांनाही अनिवासी खात्यावरून यूपीआय वापरायची परवानगी मिळाली, तेव्हा अर्थतज्ज्ञांनी ही डिजिटल झेप आहे म्हटलं. गावच्या मंडळाने पावतीपुस्तकात दहा देश वाढवले. त्या दहांत जर्मनी नव्हती. भाचीला जरा हायसं वाटलं, ते दोन तास टिकलं. अध्यक्षांचा निरोप आला, "ताई, बाबांच्या नंबरवरून केलं तरी चालंल."

या सगळ्यावर उपाय शोधायला पुतण्या यूट्यूबवर गेला, भाची एका सल्लागाराकडं गेली. दोघांनी जायला हवं होतं ते विट्याला.

कारण दूर राहून कमवायचं आणि गावात खर्चायचं, हा या मुलखाचा जुना व्यवसाय आहे. साताऱ्याच्या पाटण, जावळी, माण, खटाव भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरण्यांत आणि गोद्यांत राबली. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांतल्या माथाडींना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. ही माणसं गावकीच्या खोलीत राहायची. एक खोली, तिच्यात गावचे वीस-पंचवीस जण, आणि पाळीप्रमाणे झोप. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. या खानावळी चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या हातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आज बंगळुरात किंवा बर्लिनमध्ये तीन पोरं एक फ्लॅट वाटून घेतात आणि त्याला नवीन जीवनशैली म्हणतात. आमच्या आजोबांनी वळकटीसुद्धा वाटून घेतली होती.

त्यांचा ताळेबंद म्हणजे मनिऑर्डरचं कूपन. वीस रुपयांना एक रुपया कमिशन, म्हणजे शेकड्याला पाच, त्यामुळं आकडा विचार करून लिहायचा. खाली मजकुराला दोन बोटं जागा. तेवढ्यात सगळं बसायचं: चाळीस घरात, दहा आईला औषधाला, पंधरा सोसायटीत भरणे, पाच देवाला, पोरांना शाळेत घालणे. घरात वाचता येणारं कुणी नसलं तर पोस्टमन ओसरीवर उभा राहून हे मोठ्याने वाचायचा आणि शेजारीपाजारी ऐकायचे. देवाला पाच आणि आईला दहा हे एकदा चारचौघांत जाहीर झालं की महिन्याच्या मध्यावर त्यात फेरफार करायची कुणाची छाती नव्हती.

आणि या विद्येतले खरे मास्तर म्हणजे सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले. विटा आणि आसपासची गावं दुष्काळी. पाऊस बेभरवशाचा, म्हणून माणसांनी सोनं-चांदी गाळण्याचा धंदा धरला. सोनाराच्या आळीत छोटं दुकान, भट्टी, मूस, तेजाब. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढायचं, कारागिराच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा विकत घेऊन तिच्यातला कण काढायचा. धुळीतून सोनं काढणाऱ्या माणसाला बचत म्हणजे काय हे कुठल्या ॲपने शिकवावं? काश्मीरपासून केरळपर्यंत, देशात मोठी पेठ सापडेल तिथं एक गलाईवाला सापडतो, आणि त्याला गाव विचारलं तर ते विट्यापासून फार लांब नसतं.

आमचे एक साडू केरळात त्रिशूरला आहेत. गिऱ्हाइकाशी मल्याळम, भट्टीवरच्या पोराशी हिंदी, बायकोशी खानापुरी मराठी. राहणी म्हणाल तर दुकानावरच्या दोन खोल्या, भात आणि मासे स्वस्त म्हणून तेच जेवण, पण वाटणात चटणी घरचीच. तिथं कुणी त्यांना श्रीमंत समजत नाही, आणि त्यांना ते सोयीचं वाटतं. जत्रेला मात्र ते गावाकडं येतात तेव्हा शर्ट पांढरा शुभ्र असतो आणि कुस्तीच्या मैदानात इनामाच्या यादीत नाव वरच्या चौघांत. मी त्यांना एकदा विचारलं, हे जमवता कसं?

"सोपं हाय की," ते म्हणाले. "पाडव्याला बसतो आनि आकडा काडतो. जत्रंला एवढं, आहेराला एवढं, भावकीच्या अडीनडीला एवढं. ते पयलं बाजूला. उरलेल्यात दुकान आनि पोट."

"आणि वर्षाच्या मध्यात कुणी जादा मागितलं तर?"

"न्हाई म्हनायचंच न्हाई. म्हनायचं, यंदाचं झालं, फुडच्या सालाला तुमचं पयलं नाव."

"मग पुढच्या साली?"

"फुडच्या सालाला त्यांचं पयलं नाव असतंय. सांगितलंय म्हटल्यावर द्यायला नको का?"

यात वॉरेनबाईंच्या नियमाला कुठंही छेद जात नाही. फक्त त्यांचा नियम ज्या माणसासाठी केला, तो एकटा उभा आहे, फार तर बायको-मुलं सोबत. आमच्याकडचा माणूस बर्लिनला गेला काय किंवा त्रिशूरला, तो भावकी, तालीम, आत्या आणि ग्रामदैवत घेऊनच जातो. त्यांचा खर्च ‘इतर’ मध्ये टाकला की तो चोरासारखा येतो आणि महिन्याच्या अखेरीस आपण त्यांच्यावर चिडतो. त्यालाच पहिला रकाना दिला, त्याच्यापुढं आकडा लिहिला, की तो आकड्यात राहतो. पुतण्याने गेल्या पाडव्यापासून तसं केलंय. दहा टक्के आधी गावाला, आणि मग राहिलेल्या नव्वदाचे पन्नास, तीस, वीस. ॲप अजून लाल अक्षरांत रागावतं, पण त्याच्या खात्यावर वर्षअखेरीला पैसे दिसले. शिवाय कुणाला नाही म्हणताना त्याच्या तोंडावर आता अपराधी भाव नसतो.

तेव्हा परमुलखातल्या, आणि परमुलखाचा पगार घेऊन घरी बसलेल्या तमाम सातारकर-सांगलीकरांना माझं एवढंच सांगणं आहे. ॲप जरूर ठेवा, बाटल्या जपून ठेवा, खर्चाला शंभरने गुणणं शक्य तितक्या लवकर सोडा. वर्षाचा तक्ता मांडायच्या आधी गावाकडं फोन करून जत्रेची तारीख आणि भावकीतल्या लग्नांचे मुहूर्त विचारून घ्या. आणि पगारवाढ झाली तर ती घरात सांगायची घाई करू नका. निदान मंडळाची पावतीपुस्तकं छापून होईपर्यंत तरी थांबा.